वाफेकाका आणि बहिरे जंतू

त्यांना वाफेकाका म्हणायला सुरुवात कोणी केली देव जाणे, पण सव्वीस वर्षांत ते नाव इतकं चिकटलं की हजेरीपटावरचं खरं नाव वाचून नवा कारकून विचारायचा, हे गृहस्थ कोण? प्रयोगशाळेच्या तळघरात त्यांची खोली होती आणि त्या खोलीत ऑटोक्लेव्ह, म्हणजे आपल्या प्रेशर कुकरचा थोरला भाऊ. वरच्या मजल्यांवर शहाणी माणसं जंतू वाढवायची. काम झालं की बशा, नळ्या, कुप्या सगळं काकांकडे यायचं. काका ते वाफेत घालून निर्जंतुक करायचे, घासायचे आणि लख्ख करून वर पाठवायचे. त्यांचा नियम एकच होता: वाफ लागल्याशिवाय इथून काडीसुद्धा बाहेर जाणार नाही. एकदा खुद्द संचालकांनी एक बाटली पिशवीत टाकली, तर काकांनी त्यांनाही दारात अडवलं. अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे काही खायचं काम नाही, पण बायकोही तोडीस तोड होती.

ती शिवणकाम करायची, पायाने चालवायच्या मशीनवर. काका मोटर बसवून देतो म्हणाले, तर म्हणे, माझ्या पायाला जे कळतं ते मोटरला कळत नाही. आणि नेमका त्याच उजव्या पायाच्या तळव्याला फोड आला. मधुमेह होताच. फोडाची जखम झाली आणि अकरा महिने झाले तरी ती भरायचं नाव घेईना. अँटिबायोटिकच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. पंधरा दिवस बरं वाटायचं, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी सर्जननी हात टेकले. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही तर पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल, म्हणाले. काकांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या संशोधक मुलीच्या बशा खाली आल्या. तिचे जंतू जांभळे असायचे, बशी भरून जांभळे. या वेळी मात्र मधोमध औषधाची एक चकती होती आणि तिच्याभोवती पांढरं कडं. काका खूश झाले. मुलगी काही विचारायला खाली आली होती, तिला म्हणाले, मारलेस की गं सगळे! ती हसली आणि बशी तिरपी धरून तिने दाखवलं. पांढऱ्या भागातही जंतूंची साय जमलेली होती. सगळे जिवंत होते, फक्त गप्प होते.

मग तिने समजावलं. एकटा जंतू मोठा धूर्त, गुपचूप बसतो. पण बसल्या बसल्या एक रसायन सोडत राहतो. आजूबाजूला गर्दी वाढली की ते रसायनही वाढतं आणि त्यावरून सगळ्यांना कळतं, आपण आता पुरेसे झालो. या जंतूंनी तसं ओळखलं की ते जांभळे होतात. जखमेतले काही जंतू तेवढ्यावर थांबत नाहीत. ते चिकट थर बांधून आत बसतात, विष सोडतात, आणि त्या थरात अँटिबायोटिकचंही फारसं चालत नाही. एकीचं बळ म्हणतात ते हेच, मेल्यांनी बरं आत्मसात केलंय!

"हे औषध त्यांना मारत नाही काका," ती म्हणाली. "बहिरं करतं. शेजारी कोणी आहे हेच त्यांना कळत नाही."

काकांना त्या क्षणी बशी दिसत नव्हती, बायकोचा तळवा दिसत होता.

दोन दिवसांनी टाकाऊ ट्रेमध्ये त्या औषधाची अर्धी भरलेली कुपी आली. काकांनी ती शर्टाच्या खिशात घातली आणि वाफ न लावता बाहेर नेली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. दारावरच्या पहारेकऱ्याने नेहमीसारखा हात केला, तर काकांना त्याच्याकडे बघवलं नाही.

संध्याकाळी पट्टी सोडून त्यांनी कुपी काढली. बायकोने हे काय म्हणून विचारलं. काकांना खोटं बोलणं कधी जमलंच नव्हतं, त्यांनी सगळं सांगून टाकलं. कोणा माणसावर लावून बघितलंय का? नाही. त्या मुलीला माहीत आहे का? तेही नाही.

"मग आधी परत द्या," ती म्हणाली. "पाय माझा आहे, पण कुपी तिची आहे. विचारून आणलीत तर लावू."

सकाळी काकांनी कुपी मुलीच्या टेबलावर ठेवली, बायकोच्या पायाचं सांगितलं आणि माफी मागितली. मुलीचे डोळे भरून आले. हे औषध माणसाला बरं करेल की अपाय करेल, मला खरंच माहीत नाही, म्हणून देता येत नाही, असं तिने सांगितलं. तिने तक्रार मात्र केली नाही. दोन आठवडे संपले आणि पाय गेला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बायकोने स्वतःहून कागदावर सही केली होती: जखमेतला तुकडा त्या मुलीच्या कामासाठी द्यावा.

दोन महिन्यांनी मुलगी नळ्यांचा ट्रे घेऊन स्वतःच खाली आली. नळ्यांवर नुसते आकडे होते, पण तिने सांगितलं, हे काकूंच्या जखमेतले आहेत. मागच्या ओळीत नुसते जंतू, पुढच्या ओळीत औषधासकट. काकांनी ट्रे वाफेत ठेवला, वेळ झाल्यावर काढला आणि नळाखाली धरला. मागच्या ओळीच्या काचेला बुळबुळीत थर घट्ट बसला होता, ब्रश घालून घालून मनगट दुखलं. पुढच्या ओळीतल्या नळ्या नुसत्या पाण्याने स्वच्छ झाल्या. औषध चालतं हे आता हातांनाच कळलं म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? नळ तसाच चालू ठेवून काका रडले.

मग त्यांनी वर जाऊन मुलीला एकच गोष्ट विचारली: पाय वाचला असता का? नळी वेगळी, पाय वेगळा; कोणीच सांगू शकणार नाही काका, म्हणाली.

घरी बायको मशीनवर होती, डाव्या पायाची सवय करत होती. काकांनी नळ्यांचं सांगितलं. तिने पाय थांबवला.

"तेव्हा लावलं असतं तर?"

"काही उपयोग झाला नसता," काका म्हणाले. "मी विचारलं तिला. स्पष्ट नाही म्हणाली."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. तीस वर्षांचा संसार, तिला काय कळायचं ते कळलं.

"बरं," ती म्हणाली. शिवण वाकडी गेली होती. ती उसवून तिने पुन्हा घालायला घेतली, आणि काका शेजारी बसून कापड धरून राहिले.