ब्याऐंशीव्या मिनिटाला बोललेला माणूस

कास्तेलव्हेनोच्या चौकात नेरिओ झाक्केरीचं नाव कुणी घेतलं त्याला अकरा वर्षं झाली होती. अगदीच अडलं तर माणसं ‘तो’ म्हणत, आणि ‘तो’ म्हणतानाही खिशातल्या किल्ल्या चाचपत. लोखंडाला हात लावला की अशुभ टळतं, हे आमच्याकडे पोराला चालायच्या आधी शिकवतात. नेरिओ एका फुटपाथवरून येताना दिसला की समोरचा दुसऱ्या फुटपाथवर. चर्चमध्ये तो बसला की त्याच्या मागचा बाक रिकामा, आणि पुढचाही.

माणूस म्हणाल तर सरळ. साठी उलटलेला, उंच, खांद्यात थोडा वाकलेला, धंद्याने न्हावी. हात इतका हलका, की दाढी होता होता माणूस घोरायला लागे. चौकातच त्याचं दुकान होतं, दोन खुर्च्या आणि एक भलाथोरला आरसा, आणि अर्ध्या गावाची हजामत तिथे होत असे. रविवारी मात्र दुकान बंद आणि नेरिओ स्टेडियममध्ये, गोलमागच्या स्टँडवर, चौदाव्या पायरीवर. डावीकडे आर्मीदो, नळाची कामं करणारा, नेरिओच्या लग्नातला साक्षीदार. उजवीकडे व्हाइनेर खाटीक, स्टँडचा पुढारी, पोटावर ढोल बांधलेला. तेवीस वर्षं ह्या तिघांची जागा बदलली नव्हती.

नेरिओचा गुन्हा एवढाच की तो बोलला.

जूनमधला रविवार होता. मोसमातली शेवटची मॅच. बरोबरी झाली असती तरी कास्तेलव्हेनो सर्वांत वरच्या लीगमध्ये जाणार होतं, जिथे हे अठरा हजार वस्तीचं गाव जन्मात कधी गेलं नव्हतं. आणि बरोबरी कसली, आपण एका गोलने पुढे होतो. अशा वेळी करायचं काय, ते प्रत्येकाला पाठ असतं. बोलायचं नाही. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत ‘जिंकलो’ हा शब्द मनातसुद्धा आणायचा नाही. आर्मीदोने पहिल्या हाफपासून पायावरचा पाय काढला नव्हता. व्हाइनेरने फेब्रुवारीपासून बनियन धुतला नव्हता, आणि जूनच्या उन्हात त्या बनियनशेजारी बसणं म्हणजे काय, ते चौदाव्या पायरीलाच ठाऊक. ब्याऐंशीव्या मिनिटाला नेरिओला काय झालं कोण जाणे. आनंद पोटात मावेना. त्याने दोन्ही हात दोन्ही दोस्तांच्या खांद्यांवर टाकले आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, “झालं रे! गेलो आपण वर!”

ढोल थांबला. पुढच्या पायऱ्यांवरची माणसं मागे वळून बघायला लागली. पंच्याऐंशीव्या मिनिटाला एक साधा, मऊ बॉल आपला गोली तेओदोल्दी ह्याच्या हातांतून निसटून आत गेला. एक्याण्णवाव्या मिनिटाला तोच तेओदोल्दी नको तिथे पुढे धावला आणि मागे गोल उघडा पडला. एक-दोन. मॅच संपली, आणि नेरिओही संपला.

पुढच्या वर्षी क्लब एक पायरी खाली घसरला, मग आणखी एक. आता जिथे खेळतात तिथे बघायला खेळाडूंच्या आयाच येतात. आणि प्रत्येक घसरणीला गावाकडे एकच उत्तर तयार: ‘तो’ बोलला. सोमवारी दुकानात कुणी आलं नाही. मंगळवारीही नाही. बरोबरच आहे म्हणा, वस्तरा हातात घेतलेल्या पनवतीपुढे गळा कोण पुढे करेल? आर्मीदो महिनाभर मागच्या दाराने येत होता, मग तोही यायचा थांबला. इव्होच्या बारमध्ये सगळ्यांना चिनी मातीच्या कपातून कॉफी मिळे आणि नेरिओला कागदी ग्लासातून, म्हणजे नंतर तो टाकून देता येई. एकदा प्यायला, परत गेला नाही. दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. नेरिओ टेकडीवरच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांच्या दाढ्या करतो. त्या म्हाताऱ्यांना पनवतीची भीती नाही. त्यांचं व्हायचं ते सगळं होऊन गेलेलं.

ह्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट ही, की नेरिओचाही त्यावर विश्वास बसला. गावापेक्षा जास्त बसला. दर रविवारी तीन वाजता तो सायकल काढून कालव्याच्या पलीकडे जाई, स्टेडियमचा आवाज पोचणार नाही इतका लांब, आणि पाच वाजेपर्यंत तिथे काठावर उभा राही. आपण जवळ असलो तर क्लबला बाधेल म्हणून. त्याची बायको दिर्चे, जिला ह्या सगळ्या प्रकारात पाव आणायला दुसऱ्या मोहल्ल्यात जावं लागे, दर रविवारी दारात उभी राहून ओरडे, “जा! कालव्याला सांग जाऊन, आपली चूक झाली म्हणून!”

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी दिर्चेने वर्तमानपत्र आणलं आणि चपला न काढताच न्हाणीघराच्या दारात येऊन उभी राहिली. नेरिओ स्वतःची दाढी करत होता.

“वस्तरा खाली ठेव,” ती म्हणाली. “गळा कापून घेशील.”

आणि तिने वाचून दाखवलं. कुठल्याशा दुसऱ्या शहरातला सरकारी वकील दोन वर्षं लोकांचे फोन ऐकत बसला होता. विकलेल्या मॅचची यादीच छापून आली होती: खेळाडू, दलाल, क्लबचे अध्यक्ष. आणि यादीत सातव्या नंबरवर कास्तेलव्हेनोची ती जूनमधली मॅच. तेओदोल्दीने स्वतः कबूल केलं होतं. शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खायचे, असं शुक्रवारीच ठरलं होतं. आपल्याच अध्यक्षाने ठरवलं होतं. त्याला वरच्या लीगचा खर्च नको होता.

नेरिओ टबाच्या काठावर बसला. अर्ध्या गालावर साबण तसाच.

“शुक्रवारी?” त्याने विचारलं.

“शुक्रवारी. तू बोललास रविवारी.”

“म्हणजे मी नव्हे.”

“कागदावर छापून आलं तेव्हा पटलं होय? मी अकरा वर्षं बोंबलतेय, ते काय गाणं म्हणत होते?” ती म्हणाली आणि मग तिथेच दाराला टेकून रडायला लागली, कारण बाईला इतक्या वर्षांत तेवढीही उसंत मिळाली नव्हती.

नेरिओने उरलेली दाढी केली, लग्नकार्याचा कोट चढवला आणि चौकाकडे निघाला. त्याला काय हवं होतं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. माफी नको, दुकान नको. चौकात कुणीतरी त्याला नावाने हाक मारावी, बस्स. ‘ये नेरिओ, बस.’ एवढंच.

इव्होच्या बारमध्ये आग लागल्यासारखा आरडाओरडा चालला होता. तेओदोल्दीचा फोटो, जो अकरा वर्षं कॉफीच्या मशीनवर लटकत होता, तो काढून संडासात टाकला होता आणि लोक मुद्दाम आळीपाळीने आत जाऊन येत होते. बिलियर्डच्या टेबलावर दोन चादरी पसरून व्हाइनेर काळ्या रंगाने लिहीत होता: ‘चोरांनो, क्लबचा शर्ट उतरवा.’

“आता शर्ट उतरवून काय करणार? अकरा वर्षं झाली, त्यांची पोटं सुटलीत,” इव्हो म्हणाला.

“पोटासकट उतरवू देत!” व्हाइनेर गरजला. “आईच्या प्रेतावर हात ठेवून विकली असती ह्यांनी मॅच! मी फेब्रुवारी ते जून एका बनियनवर राहिलो, बायको माहेरी गेली माझी! आणि तो हरामखोर शुक्रवारी…”

तेवढ्यात नेरिओ आत आला. आणि नेरिओने ते पाहिलं: वीस-बावीस हात एकाच वेळी खिशात गेले, किल्ल्या चाचपायला.

“इव्हो, एक कॉफी,” तो म्हणाला.

इव्होने मशीनचा दांडा ओढला आणि, सवयीने म्हणा, हात कागदी ग्लासाकडे गेला.

“वाचलंस ना?” आर्मीदो जमिनीकडे बघत म्हणाला.

“वाचलं.”

“विकलेली होती.”

“हो. शुक्रवारीच.”

नेरिओ वाट बघत राहिला. कॉफी निवायला लागली. शेवटी व्हाइनेरने ब्रश डब्यात टाकला.

“पण एक सांग,” तो म्हणाला, “तू बोललास कशाला?”

“काय?”

“विकलेल्या मॅचसुद्धा फसतात. बॉल खांबाला लागतो, पुढच्याचा पाय घसरतो, पाऊस येतो. तेओदोल्दीने सोडला म्हणून काय झालं? समोरच्याला मारता आला पाहिजे ना? तू बोलला नसतास तर त्याने बाहेर मारला असता.”

“मुद्दा आहे,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

“त्यांनी पैसे खाल्ले हे खरंच,” व्हाइनेर म्हणाला, “पण पूर्ण केलंस ते तू.”

आणि बावीस मुंड्या हलल्या. नेरिओने आर्मीदोकडे पाहिलं. लग्नातला साक्षीदार बुटाच्या नाड्या तपासत होता. नेरिओने कॉफी तशीच ठेवली आणि बाहेर पडला. घरी येऊन त्याने कोट काढला नाही, खुर्चीत बसून राहिला. अकरा वर्षांत त्याला पहिल्यांदा राग आला होता, आणि राग कुठे ठेवायचा ते त्याला माहीत नव्हतं.

शनिवारी दुपारी दारावर थाप पडली. व्हाइनेर आणि आर्मीदो. व्हाइनेरच्या हातात सॉसेजची माळ, मखमलीसारख्या कागदात गुंडाळलेली. दिर्चेने दार अर्धंच उघडलं.

“काय, वास आला म्हणून आलात? इथे कुणी मेलेलं नाही.”

“दिर्चे, कामाचं बोलायचंय.”

काम असं होतं. मंगळवारी सकाळी दहाला अध्यक्ष आणि तेओदोल्दी दोघेही जबाब द्यायला जिल्ह्याच्या कोर्टात येणार होते. स्टँडवाल्यांनी बस ठरवली होती. कोर्टाच्या पायऱ्यांवर चादरी धरून उभं राहायचं, शिव्या घालायच्या. आणि बसमध्ये पुढची सीट मोकळी ठेवली होती.

“कुणासाठी?” नेरिओने विचारलं.

“तुझ्यासाठी,” आर्मीदो म्हणाला. ह्या वेळी त्याने वर पाहिलं, पण नाव काही घेतलं नाही.

बसमधली सीट! अकरा वर्षं बस चौकातून सुटताना नेरिओ पडद्याआडून बघत असे.

“मी काय करायचं?”

“काही नाही,” व्हाइनेर म्हणाला. “पहिल्या पायरीवर उभं राहायचं. ते दोघं गाडीतून उतरले की त्यांच्याकडे बघायचं. नीट बघायचं. जमलं तर म्हणायचं, ‘अध्यक्षसाहेब, काळजी नको, सुटणार तुम्ही.’ आपल्या आवाजात. बास. दहा वर्षांसाठी आत जातात की नाही बघ साले!”

दिर्चेने सॉसेजची माळ उचलली आणि व्हाइनेरच्या तोंडावर फेकली. ती बरोबर कानाला लागली. “निघा! खाटकाच्या पोरा, त्याच्याकडे दाढी करायला येत होतास तेव्हा मिशी नव्हती तुला! निघा माझ्या दारातून!”

पण नेरिओ शांतपणे म्हणाला, “येतो मी.”

दिर्चे त्याच्याशी सोमवारपर्यंत बोलली नाही.

मंगळवारी सकाळी सात वाजता बस चौकात उभी होती. चाळीसएक माणसं चढून बसली होती, चादरी वरच्या फळीवर, मागच्या सीटवर ढोल गळ्यात घालून व्हाइनेर. नेरिओ आला. लग्नकार्याचा कोट, गळ्यात क्लबचा हिरवा-पिवळा मफलर, अकरा वर्षं ट्रंकेत पडून घड्या पिवळ्या पडलेला. तो चढला तसे दोन्ही बाजूंच्या सीटवाल्यांनी खुर्चीचे लोखंडी दांडे धरले. पुढची सीट रिकामी होती; तिच्या मागच्याही दोन. नेरिओ बसला नाही. ड्रायव्हरशेजारी उभा राहिला, तोंड माणसांकडे करून, आणि एकेका चेहऱ्यावर नजर फिरवली. ह्यातल्या तीस जणांच्या दाढ्या त्याने केल्या होत्या. कुणाच्या हनुवटीवर कुठे खळी आहे ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

“आता काही काळजी नाही,” तो खणखणीत आवाजात म्हणाला. “रस्ता चांगला आहे, घाट कोरडा आहे. सगळे सुखरूप पोचणार. झालंच समजा.”

सगळे हात खिशातल्या किल्ल्यांकडे गेले.

“ए, गप!” मागून आवाज आला.

“ब्रेकही उत्तम आहेत,” नेरिओ म्हणाला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तो स्वतःच खाली उतरला. “इव्हो, तुझ्या बारला पुढच्या वर्षी पन्नास वर्षं होतील, होणारच, कुठे जातोय? आर्मीदो, तुझी मुलगी अवघडलेली आहे ना? काही त्रास होणार नाही बघ तिला…”

आर्मीदो सीटवरून उडी मारून मागच्या दाराकडे पळाला. त्याच्यामागे चार जण, मग दहा. दारात चेंगराचेंगरी झाली, चादरी पायाखाली गेल्या, कुणाची तरी चप्पल आत राहिली. खिडकीतूनही दोघं उतरले. व्हाइनेर मात्र अडकला. ढोल गळ्यात, पोट सीटच्या मध्ये, दोन्ही हातांत किल्ल्या.

नेरिओ सावकाश त्याच्यापर्यंत गेला.

“आणि व्हाइनेर, पुढच्या बुधवारी तुझ्या हृदयाचं ऑपरेशन…”

“नको!” व्हाइनेर किंचाळला. चेहरा चादरीहून पांढरा. “बोलू नकोस! हात जोडतो तुला! नेरिओ! नेरिओ, बास! नेरिओ!”

सकाळची वेळ, चौक रिकामा, आणि व्हाइनेरचा आवाज ढोलासारखा. दिर्चेने स्वयंपाकघराची खिडकी उघडली. मोबाइलच्या दुकानाचं शटर वर करता करता मुलगी थबकली. बसबाहेर उभी असलेली चाळीस माणसं तोंडं उघडी टाकून ऐकत होती.

“हं,” नेरिओ म्हणाला. “एवढंच हवं होतं.”

तो पुढच्या सीटवर जाऊन बसला आणि त्याने मफलर नीट केला. बस काही सुटली नाही. पण त्याला कुठे जायचंही नव्हतं.