पुष्पलताचे चाळीस नंबर

बालाघाटच्या बसस्टँडमागं धर्मेंद्रचं टायपिंगचं दुकान आहे. आत शिरलं की उजवीकडं झेरॉक्सचं मशीन, समोर लॅमिनेशन, आणि अगदी मागं, भिंतीकडं तोंड करून, पुष्पलता डोंगरे. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं, आणि पुढची सतरा वर्षं बहुतेक पाठमोरंच पाहत आलो. तिच्या खुर्चीमागं कागदाच्या रिमांचा ढीग असतो. तिला बाहेर यायचं तर आधी कुणाला तरी तो ढीग हलवावा लागतो. दुपारी दोनला डबा खायला ती एकदा बाहेर येते, बाकी दिवसभर आत.

जिल्ह्यातल्या निम्म्या प्रबंधांची अक्षरजुळणी तिनं केली, माझ्याही. प्रबंध लिहिणारे कसे असतात ते मी स्वतःवरून सांगतो. पहिल्या प्रकरणात आम्ही 'ग्रा.पं.' लिहितो, तिसऱ्यात 'ग्रापं', पाचव्यात पुन्हा 'ग्रामपंचायत', आणि मागं संक्षेपांची यादी जोडायची असते हे आदल्या दिवशी आठवतं. हा सगळा गोंधळ पुष्पलता निस्तरायची. संक्षेप पहिल्यांदा आला तिथं पूर्ण रूप दिलंय का, यादीतला मजकुरात आहे का, मजकुरातला यादीत आहे का, हे ती कुणाला न विचारता बघून घेई. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी दुकानमालक धर्मेंद्रचे आभार मानले आहेत. तिचं नाव घालावं असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. शिकलेला माणूस म्हणवतो मी स्वतःला.

तिचा नवरा लवकर गेला. मोठ्या दिराच्या घरी मागच्या खोलीत ती आणि तिची मुलगी खुशी राहायच्या. त्या खोलीला खिडकी नाही, हे मला खुशीनंच एकदा सांगितलं. खुशी नर्सिंग शिकून नागपूरला गेली आणि खोलीत पुष्पलता एकटी उरली. सकाळी त्या खोलीतून निघून या खुर्चीत बसायचं आणि संध्याकाळी परत जायचं, असं तिचं चाललं होतं.

आता हिरालाल गुरुजींबद्दल सांगायला हवं. हे ब्याऐंशी वर्षांचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. वारासिवनी, किरनापुर, तिरोडी या भागात सायकलवर हिंडून त्यांनी आपल्याकडच्या मराठीतले शब्द गोळा केले. त्यांचा कोश छापायचं काम पुष्पलताच्या टेबलावर २०११ साली सुरू झालं. मुद्रितं तपासायला मी. गुरुजींचा आग्रह असा की प्रत्येक शब्दापुढं तो सांगणाऱ्या माणसाच्या नावाचा संक्षेप यायला हवा, आणि पुस्तकाच्या सुरुवातीला सगळ्या नावांची यादी. ज्याच्या ओसरीवर बसून शब्द घेतला त्याला त्यांनी तोंडभरून सांगितलं होतं, "तुमचं नाव छापीन." अशी दोनशे बारा माणसं झाली.

त्यांत दुर्गाबाई तीन निघाल्या. मग 'दु.बा.' कुणाचं? गुरुजी आज म्हणत गावाचं अक्षर जोडा, आठवड्यानं म्हणत नवऱ्याचं जोडा. पुष्पलतानं यावर एक युक्ती काढली. तिनं प्रत्येक माणसाला नंबर दिला. मजकुरात फक्त नंबर टाइप करायचा आणि कोणता नंबर म्हणजे कोण ते एका लांबट वहीत लिहायचं. पुस्तक छापायला जाताना नंबर काढून तिथं संक्षेप घालायचे. गुरुजींनी हजारदा मन बदललं तरी वहीतली एकच ओळ खोडायची. युक्ती इतकी चोख होती की दुकानातल्या बाकीच्या मोठ्या कामांनाही तिनं तीच लावली. मी वर्षानुवर्षं 'धुरा : शेताची हद्द, ३१' असं वाचत होतो. एकतीस कोण, हे मी एकदाही विचारलं नाही. चुका शोधणं हे माझं काम, आणि नंबरात काही चूक दिसत नव्हती.

गुरुजींची स्वतःची एक रीत होती. शब्दाची चिठ्ठी 'कम्प्युटरात चढली' की ती फाडून टाकायची. दोन ठिकाणी ठेवलं की दोन चुका होतात, असं ते म्हणत. शाळेत पोरांच्या पाट्या पुसून घेणारा माणूस, त्याला तेच सुचणार.

यंदाच्या जूनमध्ये एका दुपारी पुष्पलता डबा तसाच ठेवून माझ्याकडं वळली.

"सर, मले नागपुरात नोकरी लागली. पुस्तकं जुळवायचंच काम आहे. खुशीनं अर्ज भरला होता."

"मग कधी निघायचं?"

"एक जुलैले हजर व्हा म्हणते. नाही आली तं दुसरीले घेतील. खुशीनं खोली पाहून ठेवली. दोन खिडक्या आहेत म्हणे."

एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. पंचेचाळिशीची बाई, पण आवाज पहिल्यांदा सहलीला निघालेल्या मुलीसारखा होता.

धर्मेंद्रनं लगेच हो म्हटलं. तो काही दुष्ट माणूस नाही. "जा ना बाई, मी काहून रोकू? पण गुरुजीचं पुस्तक संपवून जा. अन् नंबरं राखीले समजावून दे. नाही तं ह्या फायली कोन उघडन?" राखी म्हणजे त्याची सून. तिला दुकानात बसवायचं त्याच्या मनात होतंच.

पुष्पलता वही घेऊन बसली. राखीसाठी सगळं स्वच्छ उतरवू लागली. एक्केचाळीसपासून दोनशे बारापर्यंत झरझर झालं. मग ती थांबली. दुसऱ्या दिवशीही थांबलेलीच. तिसऱ्या दिवशी मी वही हातात घेतली तर पहिली दोन पानं नव्हती. शिवणीपाशी फाटल्याच्या कडा तेवढ्या होत्या.

"ते मीच फाडले, सर," ती म्हणाली. "अकरा वर्सं झाले. धर्मेंद्रभाऊनं तो नवा ऑपरेटर आनला होता, आठवते? मले म्हणे, वही त्याले दे, तो शिकून घेईन. वही त्याच्या हाती गेली असती तं माझी गरज कोनाले राहिली असती? रातभर डोळा नाही लागला. सकाळी दोन पानं चुलीत घातले. चाळीस नावं मले पाठ होते. फक्त मलेच."

तो ऑपरेटर पंधरा दिवसांत पळून गेला. पुष्पलताची खुर्ची टिकली. पानं पुन्हा लिहावीत असं तिला वाटलं नाही, कारण सगळं पाठ होतं. आता लिहायला बसली तर एकतीस नावं आठवली. नऊ नाही. कुलूप तिनंच घातलं होतं आणि किल्लीही तिच्याच डोक्यात हरवली होती.

आम्ही गुरुजींकडं गेलो. त्यांना सगळं सांगताना तिनं पदराचं टोक बोटाला इतकं आवळलं होतं की बोट पांढरं पडलं. गुरुजी रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"मले वाटे, तुले मालूम आहे," ते म्हणाले. "म्हणून मी कुठी लिहून नाही ठेवलं."

त्या नऊ नंबरांपुढचे शब्द मी मोठ्यानं वाचले. डोळे मिटून ऐकता ऐकता गुरुजींना तीन माणसं आठवली. उरली सहा. रविवारी पुष्पलता किरनापुरच्या बसनं गेली, मी सोबत. पहिल्याच घरात शांताबाई नावाच्या बाईनं शब्द ऐकला मात्र, "हौ, आमचीच सासू म्हणे हा. लिहा." शेजारच्या घरातही तेच. "हा शब्द आमच्या बुढ्याचा. लिहून घ्या." सगळी गल्ली तोच शब्द बोलत होती, मग तो कुणाचा? छापून येणार म्हटल्यावर प्रत्येक घरानं तो आपला म्हटला. खरं कोण बोलतंय, ओळखायचं कसं? पुढच्या रविवारी वारासिवनीकडं दोन घरांनी पुरावा दिला. एकानं सांगितलं की गुरुजी अंगणात सायकलवरून पडले होते आणि टोंगळ्याला, म्हणजे गुडघ्याला, हळद लावली होती. दुसऱ्यानं त्यांची विसरलेली छत्रीच काढून दाखवली. राहिले चार नंबर, त्यांचे अकरा शब्द. तारीख होती एकोणतीस जून.

तीस जूनला दुकानात आम्ही सगळे जमलो. गुरुजींना रिक्षात घालून आणलं होतं. पुष्पलताची बॅग घरी भरून तयार होती.

ती म्हणाली, "यादीत 'ठा.ना.' घालू. ठाऊक नाही."

गुरुजींनी मान हलवली. "नाही. त्या चौघाले मी शब्द दिला आहे. ठाऊक नाही कसं म्हणू? मले थोडा वेळ दे, आठवन."

"डाल दो ना किसी का भी," धर्मेंद्र हिंदीवर आला. "कौन पढ़ने वाला है?"

गुरुजी पुष्पलताकडं बघून हळूच म्हणाले, "तुले जायचं आहे ना, पोरी. तुही माय होती तिरोडीची, लीलाबाई. टाक तिचंच नाव. मी म्हणतो ना."

लीलाबाईंनी जन्मभर तिरोडीला खाणीवर मँगनीजचे दगड निवडले. त्यांचा एक फोटो नाही. नाव छापलेलं होतं ते फक्त मतदारयादीत, आणि मेल्यावर तिथूनही निघालं. हे पुष्पलतानं मला पूर्वी सांगितलं होतं. म्हणून तिनं स्क्रीनकडं वळून 'ली.बा. – लीलाबाई, तिरोडी' अशी ओळ टाइप केली तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही. उलट बरं वाटलं. माझं मत कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, असू दे. प्रूफं तपासणाऱ्याची ही लायकी.

ती त्या ओळीकडं बघत बसली. झेरॉक्सला दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. मग तिनं एकेक अक्षर मागं घेत ओळ पुसली.

"माय जिती असती तं मले मारली असती," ती म्हणाली. "लोकायच्या घरचं भांडं उचलून आनलं म्हणून." आणि रडली. सतरा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच, तेही पाठमोरं.

तुला जायचं तर जा, चार नंबर आम्ही बघू, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलंही, पण उशिरा आणि पडेल आवाजात. ती म्हणाली, "पानं मी जाळले, सर. गुरुजी ब्यांशीचे. मी तिकडं जाऊन बसू अन् गुरुजीले काही झालं तं?" धर्मेंद्र पुढं गिऱ्हाइकात गुंतला होता. तिथूनच तिनं नागपूरला नोकरीच्या ठिकाणी फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. खुशीला मात्र संध्याकाळी घरी जाऊन फोनवर सांगितलं. खुशी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

जुलैचे चारही रविवार आम्ही फिरलो. कटंगी, तिरोडी, पुन्हा किरनापुर. एकही नाव सापडलं नाही. गुरुजी अंथरुणावर पडून आठवत राहिले. महिनाअखेरीस त्यांनीच निरोप धाडला, की ठाऊक नाही म्हणून छापा. ओळीत 'संग्राहकाच्या चुकीनं' असं घाला, असंही त्यांनी लिहिलं होतं. पुष्पलतानं एवढंच ऐकलं नाही. तिनं तिची ओळ जुळवली. दुकानाचं नाव खराब होईल म्हणून धर्मेंद्र कुरकुरला, पण तिनं मान वर केली नाही. मुद्रितावर सही करायला मी पेन उचललं तेव्हा तिनं त्या ओळीवर बोट ठेवून मला ती दोनदा वाचायला लावली.

"ठा.ना. – ठाऊक नाही. हे शब्द सांगणाऱ्या चार माणसांची नावं अक्षरजुळणी करणारी पुष्पलता डोंगरे हिच्या हातून नष्ट झाली."

तिनं जुळवलेल्या शेकडो पुस्तकांत आणि प्रबंधांत तिचं नाव असं एकदाच आहे.

ऑगस्टमध्ये पुस्तक आलं. गुरुजींनी ते उशाशी ठेवलं आहे. पुष्पलतानं राखीला सगळ्या फायलींचे नंबर लिहून दिले. इतक्या वर्षांचं सगळं मिळून नऊ पानं झाली आणि राखी ती चार दिवसांत शिकली. हुशार आहे मुलगी, तिचा काय दोष.

पुस्तक आल्यावर आठवड्यानं मी माझी प्रत घ्यायला दुकानात गेलो होतो. धर्मेंद्र मशीनमध्ये कागद भरत होता. भरता भरता त्यानं सहज विचारलं, "मंग बाई, तू नागपूरले कधी जाऊन राह्यली? राखी सांभाळते आता."

पुष्पलता वळली नाही. "ते जागा भरली, भाऊ," ती म्हणाली.

"अरे," धर्मेंद्र म्हणाला, आणि त्यानं ट्रे बंद केला.

मला तिथं उभं राहवेना. काय करावं ते न सुचून मी तिच्या खुर्चीमागच्या रिमा उचलून बाजूला ठेवू लागलो. दोन हलवल्या असतील, तोच ती म्हणाली, "राहू द्या, सर. अजून दोन नाही वाजले."