आईला शिकवलेलं ‘नाही’

हे स्नेहालाही माहीत नाही — आणि मुलुंडच्या दोन खोल्यांत बायकोपासून काही लपतं का? हे लपलं. मीच लपवलं.

माझी नोकरी गेली तेव्हा कंपनीचा मेडिक्लेमही गेला. आई, बायको, मुलगी — सगळ्यांचा, एका फटक्यात. डोकं भणभणायला लागलं. चार कंपन्यांची माहितीपत्रकं टेबलावर पसरून बसायचो. एकीत खोलीच्या भाड्याला मर्यादा, दुसरीत बिलातला काही हिस्सा आपल्याच माथी, तिसरीच्या यादीत मुलुंडमधलं एकही हॉस्पिटल नाही. आणि सगळीकडे एकच मेख — आईची शुगर. ती लिहिली की हप्ता चढणार, वर पहिली काही वर्षं शुगरमुळे काही झालं तर क्लेम नाही.

वैताग आला होता यार. चिडलो होतो — कुणावर? आईवरच, बहुतेक.

फॉर्मवर ‘मधुमेह आहे का?’ यासमोर मी ‘नाही’ भरलं. पण एवढ्यावर भागत नाही. विमा कंपनीच्या डॉक्टरचा फोन येतो, ज्याचा विमा त्यालाच विचारतात. मग मी आईला समोर बसवून शिकवलं. हो, शिकवलं — पाढे घोकवतात तसं.

“अरे, पण सकाळीच गोळी घेतली ना मी!”

“आई, फोनवर नाही म्हणायचं. बस्स.”

साध्या गोष्टीतही खोटं न बोलणारी बाई — फोनवर अगदी हसत म्हणाली, “नाही हो, मला काही नाही.” फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. “बरोबर बोलले ना रे?”

इथवरचं तुम्ही कदाचित समजून घ्याल. नका घेऊ. पुढचं ऐका.

आईने ते ‘नाही’ मनावर घेतलं. नेहमीच्या डॉक्टरांकडे जायची बंद झाली — ते कागदावर लिहितात ना. गोळ्या बंद — मेडिकलवाला बिल देतो ना. स्नेहाला सांगितलं, आयुर्वेदिक सुरू केलंय. एक दिवस कपाटातली तिची फाइलही दिसेना. मला कळलं नाही का? कळलं की! ती रिकामी जागा बघितली आणि कपाट लावून टाकलं.

वर्षाच्या आत नोकरी लागली. नव्या कंपनीचा विमा आईसकट, तिच्या शुगरसकट — कुणी काही विचारलंसुद्धा नाही. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं — आई, आता गोळ्या सुरू कर. नाही बोललो. तोंड उघडलं असतं तर मागचं सगळं निघालं असतं. उद्या सांगू, रविवारी सांगू — असं करत दिवाळी उलटली.

मग तिच्या पायाला जखम झाली. मोजे घालून तिने ती लपवली. हॉस्पिटलात नेलं तोवर अंगठा काळा पडला होता. स्नेहा औषधं आणायला खाली गेली होती. रक्ताचा रिपोर्ट हातात धरून डॉक्टरांनी विचारलं, “आजी, शुगर कधीपासून आहे?”

आईने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “नाही हो, मला काही नाही.”

मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी अंगठा काढला.

आता कुणी भेटायला आलं की स्नेहा सांगते, आईंनी मनानेच गोळ्या सोडल्या. आई मान डोलावते. म्हणते, “हो गं, माझंच चुकलं.”

मी शेजारीच बसलेला असतो.