पावलूचा डावा हात

“ही फॉरेनर?” इन्स्पेक्टरसाहेबांनी पासपोर्टवरचा फोटो बघितला, मग समोरच्या बाईकडे बघितलं, मग परत फोटोकडे. “बाई, माझी थट्टा करताय का?”

थट्टा मी करत नव्हते, पण साहेबांनाही दोष देता येत नव्हता. फोटोतली बाई गोरीपान, कापलेले केस, डोक्यावर तिरकी टोपी. काउंटरसमोर उभी होती ती लाल लुगडं नेसलेली, अंबाड्यात माळलेला अबोलीचा वळेसर, उन्हाने रापलेली, आणि दोन्ही हातांत मनगटापासून कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत हिरव्या बांगड्या. नाव पाओला, राहणार इटली. आमच्या अर्नाळ्यात तिचं पावलू झालं होतं.

मी तेव्हा फोर्टमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीत होते. टायपिंग मी स्वतःचं स्वतः शिकले, एका मोडक्या मशीनवर, आणि त्या जोरावर नोकरी लागली. तिकीट काढून देणं हे कंपनीचं काम, आणि पॅसेंजरला विमानतळावर नेऊन सगळ्या खिडक्यांतून पार करणं हे माझं. कोटाला बिल्ला लावला की मला काउंटरपर्यंत जाऊ देत. इमिग्रेशन म्हणजे काय, तर देशात कोण येतो आणि देशातून कोण जातो हे बघणारं टेबल. तिथे पोलीस खात्यातले साहेब बसत. शिक्का त्यांच्या हातात. तिकीट कितीही खरं असो, शिक्का नाही तर विमान नाही.

आता ही पावलू अर्नाळ्याला आली कशी तेही सांगते. आमचा बस्त्याव, मारूआयचा मुलगा, एडनला एका कंपनीत वेल्डर होता. तिथल्या इस्पितळात ही नर्स. तिथेच चर्चमध्ये लग्न लागलं. मग सहा महिन्यांची रजा घेऊन सासू दाखवायला आला. मारूआय बंदरावर मासळी विकायची. तिचा आवाज असा, की ती किनाऱ्यावरून हाक मारी आणि किल्ल्याच्या बेटावरची माणसं ओ देत. पहिल्या दिवशी तिने सुनेचा फ्रॉक बघितला, दुसऱ्या दिवशी लुगडं नेसवलं. सहा महिन्यांत सून बोंबील सुकवायला शिकली आणि भाषाही शिकली. कुठली? मारूआयची.

आणि निघायच्या दिवशी पाठवणी हवी ना! सून समुद्रापलीकडे चालली म्हणून आदल्या दिवशी कासारीण बोलावली. आमच्याकडे बांगड्या हाताला घट्ट बसल्या पाहिजेत, सैल घातल्या तर कासारणीचं नाक कापलं. एकेका हातात अठरा-अठरा. मी ऑफिसातून निरोप पाठवला होता, की प्रवासाला फ्रॉकच घाला. मारूआयचं उत्तर आलं, “फिलूबायला सांगा, सून माझी हाय, कंपनीची नाय.”

तर असे आम्ही विमानतळावर. स्टेशनापासून चार घोडागाड्या भरून माणसं आलेली, ती सगळी बाहेर कठड्याशी. आत आम्ही तिघं.

आता इथली गंमत बघा. रांगा दोन. एक आपल्या लोकांची, एक परक्यांची. नवरा-बायकोने देवासमोर काहीही कबूल केलेलं असो, रांगा वेगळ्या. बस्त्यावची रांग भराभर सरकली. साहेबांच्या शेजारच्या टेबलाने ठप्प करून शिक्का मारला आणि तो दोरीपलीकडे गेला. दोरी म्हणजे साधी सुताची दोरी, दोन खांबांना बांधलेली. पण ती ओलांडली की माणूस कायद्याने देशाबाहेर! परत अलीकडे यायचं नाही. म्हणजे नवरा परदेशात, बायको स्वदेशात, आणि मध्ये सहा हात फरशी.

“पावलू, काय झाला?” तो परदेशातून ओरडला.

“सायेब बोलतान मी मी नाय!” ही स्वदेशातून ओरडली.

झालं! तो सूर ऐकून साहेबांची उरलीसुरली शंका फिटली. ते खुर्चीत मागे रेलले. “इटालियन, नाही का? माझ्या दारात पापलेट घेऊन येते ती बाई अगदी अशीच बोलते.”

“सहा महिने सासरी होती, साहेब. शिकली.”

“मी बारा वर्षं मुंबईत आहे, मला नाही आली ती भाषा.”

मी तिचं तिकीट पासपोर्टाशेजारी ठेवलं, साहेबांनी ते बघितलंही नाही.

साहेबांचा संशय असा, की कुणीतरी इटालियन बाईच्या पासपोर्टवर गावची पोरगी बाहेर पाठवतंय. असं होत नसे असं नाही. पण पावलूचं गणित सरळ होतं. तिला देशात राहायची परवानगी त्या दिवसापर्यंतच. एडनचं पुढचं विमान आठवड्याने. त्या दिवशी चढली नाही तर दुसऱ्या दिवसापासून ती बेकायदा, मग चौकशी, मग किती महिने कोण जाणे. आणि नवरा तर दोरीपलीकडे गेलेला, त्याला परवा कामावर हजर व्हायचं होतं. सकाळी आमचे पारशी मालक भरूचासाहेब मला म्हणाले होते, “डिकरी, दोघांना बसवूनच ये. एकाला बसवलंस तर आलीच नाहीस तरी चालेल.”

मी हिची आर. सी. पुढे केली. आर. सी. म्हणजे रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट. परका माणूस जास्त दिवस राहिला की त्याला पोलिसांत नाव नोंदवावं लागे, आणि जाताना तो कागद विमानतळावर परत द्यावा लागे. हिचा कागद आमच्या बाजूच्या एका फौजदारांनी भरला होता. त्यात नाव, गाव, उंची आणि अंगावरची ओळखीची खूण.

साहेबांनी कागद स्वतःकडे ओढून वाचला. “डाव्या मनगटावर आतल्या बाजूला भाजल्याचा व्रण. दाखवा.”

दाखवा! तिथे अठरा बांगड्या. सुई शिरली नसती.

“सरकवा वर.”

सरकवल्या. हलल्यासुद्धा नाहीत.

“काढा.”

पावलूने दोन्ही हात पदराखाली घेतले. “आय बोलली, एडनला पोचपर्यंत काढायच्या नाय.”

“मग आयलाच विचारा,” साहेब म्हणाले. “पंधरा मिनिटं देतो.”

मी पळत बाहेर कठड्याशी गेले आणि मारूआयला सगळं सांगितलं.

“बांगड्या वाढवायच्या? निघायच्या दिवशी?” आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. “फिलू, तू ऑफिसात बसून येडी झालीस काय? कोन तो सायेब? बोलाव त्याला हिथे!”

“साहेब उठत नाहीत, मारूआय. आपणच उठायचं असतं.”

“माझी सून हाय, हे मी सांगते ना!”

“तुझ्या तोंडी सांगण्यावर शिक्का मिळत नाही.”

तिने आत बघितलं. काचेतून बस्त्याव दिसत होता, दोरीपलीकडे एकटा, दोघांच्या दोन बॅगा धरून. बाईने नाक पुसलं. “साबन लाव,” ती म्हणाली. “साबनाने काढ एकेक. आनि वाढलीच एखादी, तर मला सांगू नको.”

बायकांच्या मोरीत मी पावलूचा डावा हात साबणाने माखला. ती म्हणाली, “फिलूबाय, हा हात नाय.”

“कागदात डावा आहे.”

“पन हा नाय.”

मला वाटलं, हिला मराठीत अजून डावं-उजवं नीट कळत नाही. मी तिला शिकवलंसुद्धा! “हे बघ, जेवतेस तो उजवा. हा डावा.” ती माझ्याकडे असं बघत राहिली, जसं नर्स लोक तापातल्या पेशंटकडे बघतात. मग गुमान हात पुढे केला. अठरातल्या तीन वाढल्या, पंधरा निघाल्या. थोडं रक्तही आलं.

आम्ही धावत काउंटरवर आलो. “हा डावा हात, साहेब.”

साहेबांनी मनगट उलटंसुलटं केलं. त्यावर साबणाचा फेस सोडून काहीच नव्हतं.

“खूण नाही.” त्यांनी टेलिफोनकडे हात नेला. आवाजात राग नव्हता, समाधान होतं, तेच मला जास्त झोंबलं.

मी पावलूला बाजूला ओढलं. “कुठे आहे गं?”

“उजव्या हातावर. मी सांगितला नाय तुला?”

“आणि फौजदारांना?”

“त्यांना पन सांगितला. ते बोलले, बाई, मला लिहू दे.”

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. फौजदार टेबलापलीकडे, ही अलीकडे. हिने उजवा हात पुढे केला, तो त्यांच्या डाव्या बाजूला आला. त्यांनी लिहिलं डावा. हाताच्या मालकिणीला कशाला विचारायचं?

“साहेब, पाच मिनिटं. फोन करू नका. तुमच्या पाया पडते.” पाया मी पडले नाही, वेळही नव्हता. परत मोरी, परत साबण. या खेपेला बांगड्या मोजल्या नाहीत. बाहेर विमानाची पहिली सूचना झाली.

परत येताना मनात भाषण तयार करत होते, की साहेब, फौजदारांची चूक झाली, समोरासमोर बसल्यावर अशी होते, खाली दुरुस्ती करून सही करा. पण सरकारी कागदावरची चूक दुसऱ्या सरकारी माणसाने दुरुस्त करायची म्हणजे पत्र, मग उत्तर, मग पत्राला उत्तर. विमान तेवढं थांबणार होतं थोडंच!

पावलूने दोन्ही उघडे हात काउंटरवर ठेवले, तळवे वर. एका मनगटावर रुपयाएवढा व्रण, स्वच्छ दिसत होता. साहेब पुढे वाकले. व्रणाचा हात त्यांच्या डाव्या बाजूला होता.

त्यांनी आर. सी. बघितली. व्रण बघितला. मग माझ्याकडे बघितलं, आणि काय सांगू, चेहरा असा फुलला!

“हा डावा हात!” त्यांनी व्रणावर बोट ठेवलं. “मग मघाशी उजवा का दाखवलात? एवढ्या मोठ्या कंपनीत नोकरी करता, आणि डावं-उजवं कळत नाही तुम्हाला?”

पावलूने तोंड उघडलं. मी तिच्या पायावर पाय दिला, अगदी टाचेने.

“चुकलं, साहेब,” मी म्हटलं. “घाई झाली.”

“घाई करायची नाही. मी बघा कसा एकेक गोष्ट पडताळून बघतो.”

“ते दिसतंच आहे, साहेब.”

त्यांनी आर. सी. वर बारीक अक्षरात लिहिलं, खूण तपासली, बरोबर आहे. म्हणजे आता डाव्या हाताला दोन सरकारी साक्षीदार झाले. मग शिक्का उचलला, फुंकर घातली आणि ठप्प! पावलू दोरीपलीकडे अशी गेली, की अबोलीचा वळेसर काउंटरवरच राहिला.

विमानापर्यंत तेव्हा चालत जायचं असे. कठड्याशी सगळं अर्नाळं उभं. मारूआयने हाक दिली, “पावलू, हात हलव!” ही पोर शहाणी. पदराखाली हात घेऊन तिने पदरच हलवला. पण मासळी पारखणाऱ्या बाईच्या नजरेतून काय सुटतं?

विमान उडाल्यावर ती माझ्याकडे वळली. “दोन्ही हात उघडे केलेस?”

“दोन्ही.”

“खून किती हातांवर होती?”

“एका.”

“शिकलेली बाय,” ती म्हणाली, आणि घोडागाडीत बसली. बस्त्याव-पावलूचं पोचल्याचं पत्र आलं, एडनला तिने नव्या बांगड्याही घेतल्या, तरी पुढची दोन वर्षं मला मारूआयकडून ताजा हलवा मासा मिळाला नाही. मिळाले ते बोंबील, तेही मोडलेले.

नोकरीत मात्र मी दोन सवयी लावून घेतल्या. पॅसेंजरचा फॉर्म भरताना समोर बसायचं सोडलं, मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसते, आणि डावा हात कुठला हे त्यालाच विचारते. आणि साहेबाची चूक साहेबाला सांगायची असेल, तर शिक्क्याची शाई आधी वाळू द्यायची.