रानमांजराचे घर

"माझ्या मागे उभ्या राहा, ताई."

काकांच्या तोंडून मी ऐकलेले पहिले वाक्य हेच. मी त्यांना चहा द्यायला गेले होते. टेबलावर बंदूक नव्हती, साधा स्क्रूड्रायव्हर होता. तरी त्यांनी हात आडवा धरून मला पाठीमागे घेतले, इकडेतिकडे पाहिले आणि मगच कप हातात घेतला. चहा तोवर निवला होता.

शारजात शिकारीच्या बंदुका विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मी परवान्यांची कागदपत्रे सांभाळते. काका मागच्या वर्कशॉपमध्ये असत. पुण्याकडच्या सरकारी कारखान्यात बंदुकांवर हयात घालवून, निवृत्त झाल्यावर ते इथे आले होते. पाठीशी घेण्याची ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की लिफ्टचे दार उघडायच्या आधीही ते पुढे होत. एकदा दुबईच्या मरीनाला आमच्याबरोबर फिरायला आले होते, तेव्हा माझी मुलगी हळूच म्हणाली, "आई, ही थिंक्स द लिफ्ट विल शूट अस." तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आपण त्याला हसतो आणि तो असला की निर्धास्तही असतो.

तर एक दिवस एक अरबाब आला. इथे बड्या स्थानिक गिऱ्हाइकाला आम्ही सगळे अरबाबच म्हणतो. चाळिशीचा, अतिशय सभ्य माणूस. वडील नुकतेच गेले होते आणि त्यांची शिकारीची जुनी रायफल त्याने बरोबर आणली होती. परदेशात, बर्फाच्या डोंगरात रानबकऱ्यांच्या शिकारीला जायचे, आणि जायचे ते वडिलांचीच बंदूक घेऊन. पण तिची गोळी तेवढ्या लांब पोचणारी नव्हती. म्हणून त्याला हवे होते ते अधिक वेगाचे काडतूस, कुठलीच कंपनी बनवत नाही असे, हौशी लोकांनी स्वतः जुळवलेले. इंग्रजीत त्याला वाइल्डकॅट म्हणतात. ते बसावे म्हणून नळीच्या मागची काडतुसाची जागा कापून मोठी करायची.

"म्हणजे रानमांजर पाळायचं," काका मला म्हणाले. "त्याच्यासाठी घर मोठं करून देईन मी. पण भिंती जुन्याच ना? नाकापेक्षा मोती जड होणार हा."

त्यांनी नाही म्हणून सांगितले. नवी बंदूक घ्या, ही भिंतीवर लावा. अरबाबने मान हलवली आणि रायफल तिथेच ठेवून गेला.

नंतरच्या दिवसांत काका ती सारखी हातात घेताना मला दिसू लागले. इथे आल्यापासून त्यांच्या वाट्याला दुर्बिणी बसवणे आणि वाळू साफ करणे एवढेच काम येत असे. काडतुसाची जागा कापण्याचे काम करू शकेल असा माणूस आमच्याकडे दुसरा नव्हता, आणि हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांचे हात शिवशिवत होते. आठवड्याभरात ते आपण होऊन मुदीरकडे, म्हणजे आमच्या मॅनेजरकडे गेले आणि हो म्हणून आले. मला ते आवडले नाही आणि मी तसे बोललेही. ते नुसते हसले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

काम सुरेख झाले. चाचणीसाठी बंदूक शिकंज्यात आवळायची, चापाला दोरी बांधायची आणि भिंतीआडून ओढायची, ही त्यांची रीत. तीन बार काढले. तिन्ही नीट गेले. मुदीरने टाळ्या वाजवल्या.

काका मात्र बोल्टची मूठ धरून उभे होते. बोल्ट म्हणजे काडतुसाच्या मागे लागणारा लोखंडी दांडा, त्या घराचे दार म्हणा ना. "तिसऱ्या वेळी दार जड उघडलं," ते म्हणाले. "लोखंड दबतंय. ताई, माझं चुकलं. ही द्यायची नाही."

मनाला न पटलेली बंदूक ते कधीच पूर्ण ठेवत नसत. बोल्ट काढून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये, आणि किल्ली खिशात. "दार माझ्या खिशात, मग घर कोण घेऊन जातंय?" असे म्हणत. याही बंदुकीचे त्यांनी तेच केले.

आणि मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी पूजा झाली की ते हत्याराला हात लावत नसत. सकाळी सगळ्या बंदुका, कानशी, पान्हे टेबलावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूची फुले ठेवायची. मग दिवसभर लोखंडाला विश्रांती. त्यांच्या घरचा एक नियम होता, अपुऱ्या हत्याराची पूजा करायची नाही. म्हणून त्यांनी ड्रॉवर उघडला आणि त्या रायफलला तिचा बोल्ट बसवला. कुंकू लावले, हात जोडले, आणि दुपारी पुरणपोळी खायला माझ्याबरोबर दुबईत सिलिकॉन ओएसिसला आमच्या घरी आले. माझ्या मुलीला त्यांनी खंडेनवमीची गोष्ट सांगितली. दोनदा तूप मागून घेतले.

परत आलो तेव्हा टेबलावर झेंडूच्या दोन ओळी होत्या आणि त्यांच्यामधली लांबट जागा रिकामी होती.

"अरबाब का फ्लाइट था," मुदीर म्हणाला. "तीन फायर ओके हुआ ना? खलास, हबीबी."

 काकांनी खिशातून किल्ली काढली आणि ड्रॉवर उघडून आत पाहिले. तो रिकामा आहे हे त्यांना माहीत होते.

अरबाबचा फोन बंद होता. बऱ्याच दिवसांनी त्याच्याकडून एक फोटो आला, तळहातावर उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी. काकांनी तो मोठा करून पाहिला. पुंगळीच्या बुडाशी काळा डाग होता, म्हणजे जळता वायू मागून निसटत होता. माझा मोबाईल त्यांनी माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला.

अरबाब सुखरूप परतला. आम्ही दोघे त्याच्या फार्मवर गेलो. खजूर आले, मग गाहवा आला, इथली कोरी कॉफी. पुरे झाला की कप हलवून परत द्यायचा असतो. काका कप हलवीनात. पीत राहिले, म्हणजे तेवढेच जास्त बसता यावे.

"अरबाब, बंदूक वापस दो. खतरा है उसमें."

अरबाबने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम बनाया ना, चाचा? फिर खतरा कैसे?"

 काकांनी पुन्हा मागितली तेव्हा तो म्हणाला, "इन्शाल्ला, अगले साल." तोंडावर नाही म्हणायचे नसले की इथे असेच म्हणतात.

गाडीत ते एकदाच बोलले. "जन्मभर लोकांना मागे उभं केलं मी. हिचं उलटं आहे, ताई. फुटली तर ही मागे फुटणार. गाल टेकवून बसेल ना, त्याच्यावर."

पुढे व्हिसा संपला. जाताना त्यांनी ड्रॉवरची किल्ली मला दिली. दर रविवारी पुण्याहून फोन यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, "ती आली का?" माझा नवरा चिडवायचा, काकांची कोणी मैत्रीण हरवली आहे का म्हणून. मला नाही हसू यायचे. मी नाही म्हटले की ते म्हणत, "बरं," आणि फोन ठेवत. त्या 'बरं'ची मला भीती वाटायची.

मग एका रविवारी त्यांच्या सूनबाईंचा फोन आला. काका झोपेतच गेले होते.

थंडी संपता संपता अरबाब दुकानात आला. हातात तीच रायफल. उजव्या डोळ्याखाली गालावर काळे ठिपके, तीळ पेरावेत तसे. "थोड़ा हवा आया पीछे से," तो हसत म्हणाला. "अब खुलता भी नहीं, हाथ मारना पड़ता है. चाचा किधर है?"

मी हात आडवा धरून त्याला आधी बाजूला केले. बंदुकीचे तोंड भिंतीकडे वळवले. काकांनी शिकवले होते तसा मुठीवर तळहात मारला. दोनदा मारावा लागला, तेव्हा दार उघडले. आत काडतूस नव्हते. बोल्ट बाहेर काढला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि किल्ली खिशात घातली. बंदुकीच्या दस्त्यावरच्या नक्षीत कुंकू अजून होते.

"कब मिलेगा?" अरबाबने विचारले.

"इन्शाल्ला," मी म्हटले.

त्या रविवारी मी सकाळपासून फोन जवळ घेऊन बसले होते. ती आली होती, आणि विचारणारे कोणी नव्हते.