सुदाम राबादान

सुदामला मी शेवटचं काय पाठवलं माहितीय? एक हसणारं इमोजी.

सकाळी सव्वाआठला. नऊच्या आत तो गेलता.

वडवणी रोडला टेम्पोनं उडवला. टेम्पो थांबला पण न्हाई.

फेसबुकवरचा 'सुदाम राबादान' म्हणजे आमचाच सुदाम. बीएला माझ्या बेंचवर होता. घरची मेंढरं.

कॉलेजात पोरं त्याला "ए मेंढक्या" म्हणायची. त्यानं माळावर बसून मोबाइलवर हे आडनाव हुडकलं. स्पेनमधलं. तिकडं पण लई कमी लोकांचं.

"मूळ अरबी हाय बे. रब म्हंजी मालक, पुढचं म्हंजी मेंढरं. चार घरची मेंढरं एकत्र निघाली की ज्याच्या शब्दावर समदे चालत्यात, तो राबादान. तिकडं लोक हे आडनाव मिरवत्यात. अन् आपल्याला कावून लाज?"

मी काय म्हणलो?

"व्हिसा लागला का बे?"

अख्खा ग्रुप हसला.

त्यानं फेसबुकवरचं नाव बदललं न्हाई. उलट मलाच म्हणला, "तू लिवतोस ना? एक पोस्ट लिव की ह्याच्यावर. तुझं वाचत्यात लोक. मग हसणार न्हाईत."

दोन वर्षं मी म्हणत राहिलो, "कथा लिवू का कविता, फॉर्म सापडंना यार."

फॉर्म!

आज सकाळी मेसेज आला. "चारी घरच्यांनी मेंढरं माझ्या हवाली केली. आजपासून खरा राबादान. आता तरी लिव."

मी इमोजी टाकलं अन् कूस बदलून झोपलो.

मेंढरं रस्ता ओलांडताना म्होरक्यानं मधोमध उभं राहायचं, काठी आडवी धरून. शेवटचं मेंढरू पलीकडं जाईस्तोवर हलायचं न्हाई. त्यांच्यात रीतच हाय तशी.

एक लंगडी मेंढी मागं राहिलती.

तो हलला न्हाई.

दुपारी त्याच्या वडलांनी, आबांनी, मला बाजूला घेतलं.

"ते राबादान म्हंजी काय रं? पोरगं लई सांगायचं. मला काय समजंना."

मी सांगितलं. सगळं. पहिल्यांदाच, न हसता.

आबा म्हणले, "मंग ह्यात हसायसारखं काय व्हतं?"

सांगा की कुणीतरी. कमेंटमध्ये सांगा. मला तर तोंड वर करता येईना.

ही घे तुझी पोस्ट, सुदाम. फॉर्म-बिर्म काय न्हाई. श्रद्धांजली म्हणायची पण लायकी न्हाई माझी.

मेंढरं समदी पोचली बे. लंगडी पण.

जा आता. रस्ता सोड.