आवृत्तीची फाइल

आपण चुकीचं लिहिलेलं लोकांना दाखवून तिच्याइतकं खुशाल हसणारं मी दुसरं कोणी पाहिलेलं नाही. चिखलीच्या कॉलेजात तिला सगळे ‘आवृत्ती’ म्हणायचे. संगणकावरची फाइल आपल्या जुन्या आवृत्त्या आपोआप जपून ठेवते. मागे गेलं की कधी काय लिहिलं, काय खोडलं, सगळं दिसतं. आम्ही बाकीचे त्याला घाबरायचो. ती स्वतःहून उघडून दाखवायची. “हे पाह्य बे, मंगळवारी मी किती येडी होती!”

त्या हसण्याचा मला हेवा वाटायचा. घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. माझी चूक दिसली तर ‘हा इथे कसा आला’ असं कोणी विचारेल, ही धास्ती. म्हणून मी आधी पाठकोऱ्या कागदांवर लिहायचो, तिथेच खोडायचो आणि शेवटचं नीटस तेवढं लॅबमध्ये टाइप करायचो. कच्चे कागद आईच्या चुलीत जायचे. आवृत्तीचे वडील मेहकरला शिक्षक, घरी लॅपटॉप. हिला चुकायला ऐसपैस जागा आहे, असं मी मनात म्हणायचो. तेवढंच बरं वाटायचं.

शेवटच्या वर्षी गावोगावच्या विहिरींच्या पाण्यावर प्रत्येकाला अहवाल लिहायचा होता. सर प्रत्येकाची फाइल पडद्यावर उघडून आवृत्त्या तपासत. तिच्या संपता संपेनात, सर खूश. मग माझी फाइल उघडली. सकाळी कोरी, दुपारी पूर्ण.

“काय रे, एका बैठकीत अख्खा अहवाल? कुठून उचलला?”

वर्ग हसला. अहवाल बाद झाला तर वर्ष जाणार होतं. दाखवायला कच्चे कागद हवे होते, त्यांची तर राख झालेली.

मागून आवृत्ती उठली. “सर, हा कागदावर खोडते, मी पाह्यलं. काय काय खोडलं ते विचारा ना त्याले. उचलेल असन तर सांगता येनार नाही.”

सरांनी विचारलं. मी चाचरत सांगू लागलो. आधी मी दोरी कठड्यापासून सोडून पाण्यापर्यंतची खोली मोजली होती. मग एका विहिरीला कठडाच नाही, तेव्हा चूक लक्षात आली. पुन्हा सगळ्या विहिरी जमिनीपासून मोजल्या, तर आधी खोल ठरलेली विहीर उथळ निघाली.

“मग हे अहवालात का नाही?”

“ती चूक होती, सर.”

“लिही. मग सही करतो.”

बाहेर मी तिचे आभार मानायला गेलो, तर म्हणाली, “ते राहू दे बे. कठडा काऊन लपवला? पुऱ्या अहवालात तेच तं भारी होतं!” मी आणखीच जळलो. माझ्या चुकीतलं चांगलंही तिलाच आधी दिसलं होतं.

ती पुढे शिकायला नागपूरला गेली. मी इथेच एम.एस्सी. करतो आणि आता थेट फाइलमध्ये लिहितो. हेही तसंच लिहिलं. पहिल्या आवृत्तीत तिच्याबद्दल बरंच वाकडं होतं. ते मी काढलं, तिच्या घरच्या लॅपटॉपचं तेवढं राहू दिलं.

छापून पाठवलं असतं तर तिला हे नीटस तेवढंच दिसलं असतं. मी तिला फाइलच पाठवतोय, बदल करायची मुभा देऊन, म्हणजे जुन्या आवृत्त्याही तिला दिसतील. मागे जाऊन तिने सगळं वाचावं, आणि हसावं.